करंगळीएवढी भेग, परातीएवढा मार

कुसुमताई वानखडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्यांचे सारे लक्ष आमच्या बोटीकडे होते.

मी अमरावतीच्या एका बचाव पथकात बोटचालक आहे. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सराव सुरू असताना धरणातल्या बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला आमची फायबरची बोट धडकली आणि तळाला करंगळीएवढी भेग पडली. ‘वरून पुट्टी भरा, झालं,’ असे पथकातल्या चौघांनी सांगितले, पाचवा मी. तरीही खात्रीसाठी कोणाला तरी दाखवावी म्हणून आम्ही ती ट्रॉलीवर घालून अकोल्याला नेली. तिथे एका शेडमध्ये कुसुमताई आणि त्यांचे यजमान श्रीकृष्णभाऊ फायबरचे कूलर तयार करतात आणि मच्छीमारांच्या नावाही दुरुस्त करतात, एवढेच ऐकले होते.

ताईंनी बोट पालथी करायला लावली. कमरेच्या पिशवीतून एक जुने नाणे काढले, डोळे मिटले आणि भेगेपासून हातभर अंतरावर ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. मग एका जागी आवाज बसला. ठस. त्यांनी तिथे खडूने खूण केली. असे चारी बाजूंनी करत त्यांनी खुणा जोडल्या तेव्हा तळावर एक मोठे वर्तुळ उमटले.

“भेग करंगळीएवढी हाय दादा, पण मार परातीएवढा हाय,” त्या म्हणाल्या. “आतले थर सुटले.”

माझा विश्वास बसला नाही. त्यांनी ग्राइंडर लावून तेवढा भाग कडेने उतरता घासला, आणि खरोखर, वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या थरांतून पाणी पाझरू लागले. मी थक्क झालो. ज्या बोटीत मी रोज निर्धास्त बसत होतो, तिच्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते.

आता ती ओल सुकल्याशिवाय नवे थर चढवता येणार नव्हते. ताडपत्रीखाली हॅलोजनचे दिवे लावून बोट वाळत ठेवली. इकडे पाऊस वाढत होता आणि पूर्णा नदीचे पाणीही. दुसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ साहेब स्वतः शेडमध्ये आले.

“संध्याकाळपर्यंत बोट पाहिजे,” ते म्हणाले.

“नाई भेटत साहेब. हात लावून पाहा. गार लागते ना? आतून ओल हाय. ओल्यावर थर बसवला तं वरून मस्त दिसते. पाण्यात चार माणसं बसली का निंगून येते.”

“उद्या कोणी अडकलं तर जबाबदारी तुमची राहील.”

“हो, माही. लिहून घ्या.”

साहेब तडक निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी पूर्णेकाठच्या एका गावाला पाण्याने वेढले. आमच्याकडे उरलेली एकच लहान बोट होती. दोन फेऱ्यांत होणारे काम पाच फेऱ्यांत करावे लागले. गंगाबाई नावाच्या आजी शाळेच्या गच्चीवर चार तास भिजत बसल्या होत्या. शेवटच्या फेरीत त्यांना आणले. सगळे सुखरूप बाहेर आले, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मी मनातून ताईंवर चिडलो होतो.

दोन दिवसांनी ताईंचा निरोप आला, बोट तयार आहे. ती आणायला गेलो तेव्हा गच्चीवर भिजलेल्या आजींची हकीकत मी त्यांना ऐकवली. धरणावर चाचणीला त्या स्वतः हजर होत्या. बोट पाण्यात उतरताच त्या आत चढल्या आणि दुरुस्त केलेल्या जागेवर उघडा तळहात टेकून बसल्या. मी विचारले, “ताई, पोहता येतं ना?”

“मले? कधीच नाई.”

धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन परत येईतो त्यांनी हात उचलला नाही. काठावर उतरल्यावर मला तळहात दाखवला. कोरडा होता. मग त्यांनी विचारले, “गच्चीवरच्या आजी कुठी हायेत?”

मी त्यांना निवारा केंद्रात घेऊन गेलो. साहेबही तिथेच होते. ताई सरळ गंगाबाईंपुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “माय, तुमाले चार तास थांबा लागलं ते माझ्यापायी. बोट मीनं अडवली होती.”

आजींनी सगळे ऐकून घेतले. “कावून अडवली?”

“फुटकी होती.”

आजी म्हणाल्या, “थांबली मी बाई. बुडाली तं नाई.”

साहेबांनी मान खाली घातली. त्या वर्षापासून पावसाळ्याआधी पथकाची प्रत्येक बोट ताईंच्या नाण्याखालून जाते.

परतीच्या वाटेवर ताईंनी मला एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी एका मच्छीमाराच्या घाईपुढे नमून त्यांनी ओल्यावरच थर चढवला होता. तो थर भर धरणात निघून आला. नावेतले दोघे जण पोहून काठाला लागले म्हणून वाचले. “तवापासून माही दुरुस्ती मीच पयले बसून पाहतो,” त्या म्हणाल्या. ही चूक मला दुसऱ्या कोणाकडूनही कळली नसती. ती त्यांनी आपणहून सांगितली, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर तेव्हा दुणावला.

त्यांच्या मायेचाही एक प्रसंग सांगतो. अकोटकडच्या एका शाळेतली फायबरची घसरगुंडी त्यांनी दुरुस्त केली. पॉलिश झाल्यावर त्यांनी तिच्यावरून आधी हात फिरवला, मग चक्क गाल. मुख्याध्यापक हसले. “पोरीइचे पाय उघडे रायतात सर,” ताई म्हणाल्या, “काचेचं एक कुसळ जरी राह्यलं तं आठ दिवस सलते.” आणि पुन्हा घासायला बसल्या.

आता त्या साठीत प्रवेश करीत आहेत. तालुक्यातालुक्यांतून आलेली पथकाची माणसे त्यांच्या शेडमध्ये डोळे मिटून बोटी ठोकायला शिकतात. मीही शिकलो, अजून दहातल्या दोन जागा चुकतो. फायबरची बारीक धूळ मात्र त्यांनी इतकी वर्षे नुसत्या पदराने झेलली, आणि त्यातून जडलेला त्यांचा खोकला आम्हा सर्वांना काळजीत टाकतो. हल्ली त्या मास्क लावतात. तो नाकावर आहे की हनुवटीवर, हे श्रीकृष्णभाऊ पाहतात.

कुसुमताई, आम्हा पाण्यात उतरणाऱ्यांची मागणी एवढीच आहे, की तुमच्या छातीत भरपूर मोकळी हवा खेळत राहो, हातापायांत असेच बळ राहो, आणि पुढची अनेक वर्षे आम्ही घाई केली की “नाई भेटत” असे ठणकावून सांगणाऱ्या तुम्ही आमच्यात असा.