गेरूमास्तरांची उडी

आमच्या ड्रिलमास्तरांचा उजवा पंजा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लाल असायचा. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला गेरू ते घरोघरून मागून आणत आणि घमेल्यात कालवत. अकोल्याच्या आमच्या हायस्कुलात त्यांचं खरं नाव कोणाला आठवत नसे, ते गेरूमास्तर.

फुटबॉलच्या टीममध्ये कोणाला घ्यायचं, हे ते शाळेच्या मागच्या भिंतीवर ठरवत. गेरूत हात बुडवायचा, भिंतीशी उभं राहून हात वर ताणून एक ठसा उमटवायचा आणि मग जागच्या जागी उडी मारून दुसरा. दोन ठशांमधलं अंतर मास्तर वितीनं मोजत. पायातला जोर तेवढाच. "उंची मायबापाची, उडी आपली," असं ते प्रत्येकाला बजावत.

मी हिवरखेडचा, ताडमाड. माझा पहिला ठसा सगळ्यांच्या वर आणि दुसरा त्याला जवळजवळ चिकटून. मास्तरांची वीत मध्ये मावेना.

"काहून रे, जमिनीनं धरून ठेवलं काय तुले?" ते म्हणाले आणि पोरं खो खो हसली.

गेरू काही लवकर जात नाही. पाणी प्यायला रोज त्याच भिंतीजवळून जावं लागे आणि माझे ते चिकटलेले पंजे कोणी ना कोणी दाखवीच. लाजेनं मी पोक काढून चालू लागलो. अमरावतीच्या सामन्याला जायची फार हौस होती, पण मैदानावर जाणंच सोडलं.

एका संध्याकाळी मास्तरांनी मला हाताला धरून भिंतीशी नेलं. सगळी टीम तिथेच होती. त्यांनी धोतर खोचलं, गेरूत हात बुडवला. गुडघे आखडलेला तो माणूस आमच्यासमोर कधीच उडाला नव्हता. उडी कसली, टाचा तेवढ्या उचलल्या. दोन्ही ठसे एकमेकांवरच बसले.

"पाहा, आता सगळ्यात कमी माही. याले हसाचं असन तं आंधी मले हसा. हा मांगं, बॅकला खेळन. उडत नाई, पन हलत बी नाई."

पोरं मोठ्यानं हसली. आणि मला? मला बरं वाटलं. आपल्याखाली कोणीतरी आलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

अमरावतीला मी खेळलो, चांगला खेळलो. पण मास्तरांची ती उडी हेडमास्तरांनी व्हरांड्यातून पाहिली होती. ज्याला स्वतःला उडता येत नाही तो पोरांना काय शिकवणार, असं ठरलं आणि दिवाळीच्या आतच एक तरणाबांड ड्रिलमास्तर आला.

गेरूमास्तर पातूरला, आपल्या गावी निघाले. त्यांची वळकटी घेऊन मी मोटारीपर्यंत गेलो. "मास्तर, माझ्यामुळे..." मी म्हणायला लागलो. त्यांनी लाल पंजानं माझी हनुवटी वर उचलली.

"काहून वाकून राहिला बे? उडी नसन तं नसन. मायबापानं उंची देल्ली, ते तं वापर."

मोटार सुटेपर्यंत मी ताठ उभा राहिलो. त्यांच्याकडे पाहणं मात्र मला जमलं नाही.