शालिनीताईंचा शुक्रवारचा तास

डॉ. शालिनी रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट नारायण पेठेतल्या एका सभागृहात झाली. व्यसनमुक्तीवर माझे भाषण होते. मी भरपूर गरजलो, टाळ्याही भरपूर पडल्या. सभा पांगताना एक बाई पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "छान बोललात. पण ज्यांच्यासाठी बोललात, ते तुमच्या तोंडून 'बेवडा' ऐकून उठून गेले. मी दाराशी बसले होते, म्हणून दिसलं." मी उत्तर जुळवत होतो, तोवर त्यांनी विचारले, "आमच्याकडे शिकवायला याल का?"

'आमच्याकडे' म्हणजे विद्यापीठातला व्यसनमुक्ती समुपदेशकांचा अभ्यासक्रम. तो ताईंनीच उभा केला. व्यसनाची सामाजिक बाजू शिकवायला मी तिथे गेलो, आणि शिकवण्यापेक्षा शिकलोच अधिक.

ताईंचा एक रिवाज होता. सत्राच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने सवयीची एक गोष्ट सत्र संपेपर्यंत सोडायची. कुणी मोबाइलवरचे खेळ सोडी, कुणी गोड. दर शुक्रवारी सगळ्यांनी गोल करून बसायचे आणि नेम मोडला असेल तर तसे सांगायचे. सांगणाऱ्याला उपदेश करायचा नाही, शाबासकीही द्यायची नाही. शिक्षकांना यातून सूट नव्हती. ताई स्वतः चहा सोडत. मी साखर सोडतो म्हणालो, तर ताई म्हणाल्या, "साखर राहू द्या. तुम्ही दुसरा बोलत असताना मध्ये बोलणं सोडा." वर्ग मनमुराद हसला. संयमावर मी आयुष्यभर वाचत आलो आहे, पण त्या गोलात बसल्यावर वाचलेले काही कामाला येईना.

एका शुक्रवारी ताई म्हणाल्या, "काल आईला दवाखान्यात नेलं होतं. तिथे चहा घेतला. मग आणखी एक घेतला." एवढेच. कारणांची सारवासारव नाही. 'पुन्हा का प्यालात?' हा प्रश्न रुग्णाला किती लागत असेल, ते त्या दिवशी कळल्याचे एक विद्यार्थिनी मला नंतर म्हणाली.

आता संतोषविषयी. ते खराडीच्या शेतकरी घरातले. जमीन गेली, तिच्या जागी आयटीच्या इमारती आल्या, रिकाम्या हातांना दारू सापडली. पुढे उपचार घेऊन ते सावरले, आणि आपल्यासारख्यांसाठी काम करायचे म्हणून पत्नीच्या पाठिंब्याने आमच्याकडे आले. कात्रजच्या एका केंद्रात त्यांचे प्रात्यक्षिक सुरू होते. एका शुक्रवारी त्यांची पाळी आली. ते म्हणाले, "मॅडम, मी गोड सोडलं व्हतं, ते ठीक हाय. पन परवा चुलतभावाच्या लग्नात मी प्यालो."

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमाच्या समितीची बैठक लागली; ताई आणि मी तिच्यावर होतो, संतोष यांनाही बोलावले होते. संतोष यांचे नाव कमी करावे, असाच सूर होता. स्वतः बुडणारा माणूस दुसऱ्याला काय पोहायला शिकवणार, असे एका सदस्यांनी सुनावले. माझे उत्तर तयार होते. लग्नात आग्रह करकरून पाजणारा आणि सकाळी त्याच माणसाला नावे ठेवणारा हा आपला समाज; त्याची हजेरी घ्यायला मी उतावीळ झालो होतो. ताई हळूच मला म्हणाल्या, "आज शुक्रवार आहे असं समजा."

मी गप्प बसलो. मी बोललो असतो, तर संतोष बोललेच नसते.

ते म्हणाले, "मला पेशंटपासनं लांब ठेवा, ते बरोबर हाय. पन मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलंबी नसतं. गोलात खोटं बोलून मी पेशंटला कुठल्या तोंडानं म्हनू, खरं सांग म्हनून?"

मग ताई बोलल्या. रुग्णांची जबाबदारी आधी, म्हणून या वर्षी संतोष एकाही रुग्णासमोर बसणार नाहीत. ते स्वतः उपचार घेतील, वर्ष पुन्हा करतील. "वर्गातली त्यांची खुर्ची मात्र त्यांचीच राहील." समितीने ते मान्य केले. बाहेर बाकावर संतोष यांच्या पत्नी बसल्या होत्या. ताई आधी त्यांच्यापाशी गेल्या. पुढे वर्षभर त्या खराडीला त्यांच्या घरी जात राहिल्या. व्यसनी माणसाची विचारपूस करायला येणारे चार जण तरी असतात. घरच्या बाईला जेवलीस का, असे कुणी विचारत नाही. ताई विचारत.

विद्यापीठ पदवी देते. आपल्याच पडण्याविषयी सरळ बोलायची हिंमत ताईंच्या तासाला मिळत असे, आणि तिच्यावाचून या कामातली पदवी म्हणजे नुसता कागद आहे, असे मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगेन.

हे सारे संतोष यांना विचारूनच लिहिले आहे. "लिवा की सर," ते म्हणाले. आज ते कात्रजच्या त्याच केंद्रात समुपदेशक आहेत. साठी पूर्ण करून ताई निवृत्त होत आहेत, आणि शुक्रवारचा तास आता संतोष घेणार आहेत. तो सोपवायच्या दिवशी सगळे गोलात बसले होते. संतोष यांनी रिवाजाप्रमाणे एकेकाला विचारले आणि शेवटी ताईंकडे वळले. "मॅडम, तुम्ही काय सोडणार?"

"हा वर्ग," ताई म्हणाल्या.

मी तेव्हाही मध्ये बोललो नाही. आज बोलतो. ताई, आपणांस निरोगी, भरभरून दीर्घायुष्य लाभो. आणि हा नेम आपल्याच्याने पाळवला नाही, तर येत्या कुठल्याही शुक्रवारी या, गोलात बसा आणि तसे सांगा. कुणी उपदेश करणार नाही.