पैंजणांची पट्टी

“हाऊ धागा ढिला शे, भाऊ.” स्क्रीनवरच्या एखाद्या रंगीत पट्टीवर बोट ठेवून आप्पा असं म्हणाले, की समजायचं, तिथलं संगीत त्यांना रुचलेलं नाही. लिंबायतच्या लूमवर तीस वर्षं काढलेला माणूस. सुरांचा गंध नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ढोलक, बासरी, पेटी यांच्या एकाखाली एक पट्ट्या दिसतात, ते त्यांच्या लेखी विणायला घेतलेलं कापड. आणि गंमत बघा, ते म्हणतील तो धागा खरोखर ढिलाच निघायचा! मी वाजवणारा, मला कळायचं नाही.

डिंडोलीतल्या माझ्या एका खोलीच्या स्टुडिओत ते सुट्टीच्या दिवशी सकाळीच हजर. मोबाइलवर त्यांनी अहिराणीत छोटी फिल्म काढली होती, तिचं संगीत माझ्याकडे होतं. कामगार पाळी संपवून खोलीवर येतो, एकटाच जेवतो आणि वारलेली बायको घरात येते. ती दिसत नाही. दार उघडतं, पैंजण वाजतात, संपलं. आप्पांची बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती.

त्या पैंजणांवरून आमचं वाजलं.

“आजून वाढाडा.”

मी आवाज वाढवला.

“आजून.”

“आप्पा, शेजारचे मारायला येतील!”

“पन ती कोठे उनी?”

ती कुठे आली, असं ते मलाच विचारत होते. मी वैतागून म्हटलं, “स्क्रीन बघू नका, डोळे मिटून ऐका.” त्यांनी मिटले. पैंजण वाजून गेले, तरी आप्पा तसेच बसून. “लावा ना,” म्हणाले.

लूमच्या खडखडाटानं त्यांच्या कानातले बारीक आवाज कधीच खाऊन टाकले होते. चिडल्याची मला फार लाज वाटली.

मग मी पैंजणांची पट्टी खर्जाकडे उतरवत नेली. पार गुराच्या गळ्यातली घंटा झाली, तेव्हा आप्पा ताठ झाले. “उनी. आते उनी,” म्हणाले, आणि तोंडावर टॉवेल धरून रडले.

“लोकांसाठी खरे पैंजण ठेवू, तुम्हाला वेगळी कॉपी देतो,” मी म्हटलं.

“नई. मंग मी एखलाच ऱ्हाई जासू.”

नवागामच्या गल्लीत संध्याकाळी चादर बांधून फिल्म दाखवली. दार उघडलं, घंटा वाजली. “म्हैस उनी रे!” कोणीतरी ओरडलं आणि गल्ली खदखदून हसली. मला तोंड लपवावंसं वाटलं. पुढे बसलेले आप्पा मात्र सतरंजीवर जरासे बाजूला सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा झाली.