जैत्याचा टाक

वाल्मीकला पंचवटीच्या फूलबाजारात सगळे ओळखतात, पण तो रविवारी दुपारी काय करतो असं विचारलं तर निम्मे लोक पत्ते सांगतील आणि उरलेले जादूटोणा. दोन्ही खोटं. मखमलाबादला त्याची दोन एकर झेंडूची शेती आहे, बाजारात एक गाळा आहे आणि गाळ्याच्या वर पत्र्याची एक खोली आहे. त्या खोलीतून गेली अकरा वर्षं तो एक राज्य चालवतो. राज्याचं नाव सातनदी. तिथल्या नद्या, घाट, बाजार, भुतंखेतं, सगळं त्याने दोनशे पानी वह्यांत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. लग्न झालेलं नाही. मुली बघून झाल्या, मुलींचंही त्याला बघून झालं, आणि मग दोन्ही बाजू दमल्या.

खेळ साधा आहे. आम्ही टेबलाभोवती बसतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं. समोर काय वाढून ठेवलंय ते वाल्मीक सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी आठवडाभर मेडिकलच्या काउंटरला उभी असते आणि रविवारी चार तास चेटकीण असते. तसा फार फरक नाही, दोन्हीकडे बाटल्याच हाताळायच्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला ओम आमचा चोर आहे. आणि शेखर होता जैत्या.

शेखर आणि वाल्मीक यांची शेतं बांधाला बांध लागून. शाळा एक, सायकलही एकच. हा खेळ मुळात शेखरनेच कॉलेजच्या होस्टेलवरून आणला आणि वाल्मीकच्या गळ्यात बांधला. जैत्या म्हणजे नावाडी. लढायला तलवार नाही, वल्हं. तोंडाने शिवराळ, मनाने राजा. शेखर जैत्या झाला की वाल्मीक वहीत न बघता बोलायचा, आणि हसायचाही. बाकीच्या आठवड्यात त्याला हसताना बघितलेला माणूस मला भेटलेला नाही.

मग शेखरला चाकणला नोकरी लागली. चाकण म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. आधी तो एक रविवार आड यायचा, मग महिन्यातून एकदा. मग वेदिकाशी लग्न झालं, फ्लॅट झाला, शिफ्ट बदलल्या. तो शेवटचा आला त्या रविवारी पुरात नाव अडकली होती. बाकीचे पार होईपर्यंत जैत्याने दोर धरून ठेवायचा होता. शेखरने फासा टाकला. एक पडला. एकापेक्षा वाईट काही नसतं. खेळ चालवणाऱ्याने मनात आणलं तर तो डोळा झाकू शकतो. वाल्मीकने झाकला नाही. जैत्या पुरात वाहून गेला.

"चला, सुटलो बाबा," शेखर हसत म्हणाला. "आता दर रविवारी अपराधी वाटायला नको."

आम्हीही हसलो. आता आठवलं की माझा मलाच राग येतो. वाल्मीक तेवढा हसला नाही. नंतर मी त्याला विचारलं, जैत्याला वाचवलं का नाहीस. तो म्हणाला, "वाचवून काय करू? शेखर येणार नाही आणि जैत्या नुसता तंबूत बसून राहणार. ते मला बघवलं नसतं."

पुढच्या रविवारी सातनदीत जैत्या देव झाला होता. वाल्मीकनेच तसं सांगितलं. ज्या घाटावर तो गेला, तिथल्या नावाड्यांनी दगड मांडून त्याला शेंदूर लावला. नाव पाण्यात लोटण्याआधी मूठभर तांदूळ जैत्याच्या नावाने सोडायचे अशी रीत पडली. आणि नदी ओलांडायची की नाही हे जैत्यालाच विचारायचं. देवळात गुरव देवाला कौल लावतो तसं. देवाच्या अंगाला फुलं चिकटवतात; उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. फुलं काय, गाळ्यात क्रेटच्या क्रेट पडलेली.

पण कौल फुलं देणार नव्हती, शेखर देणार होता. खरी मेख तिथे होती. दर शनिवारी वाल्मीक त्याला मेसेज टाकायचा, "जैत्याला कौल लावलाय. उजवा की डावा?" सुरुवातीला शेखर चार-चार ओळींचं उत्तर द्यायचा, जैत्याच्या शिव्यांसकट. "उजवा, पण पाण्याला ओढ आहे, त्या चोरट्याला मध्ये बसवा." वाल्मीक ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. मला वाटायचं, वा, काय युक्ती काढलीय पठ्ठ्याने! माणूस गेला, पण राहिला. मग उत्तर एका शब्दाचं झालं. मग नुसता अंगठा यायला लागला. अंगठ्यात उजवं-डावं कसं कळणार? वाल्मीक मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "उजव्या हाताचा दिसतोय." दिवाळीनंतर अंगठाही बंद झाला.

"दादा, आपणच फासा टाकून ठरवू ना," ओम एकदा म्हणाला.

"देवाच्या वतीने मी बोलू?" वाल्मीक एवढा भडकला की ओमने खुर्ची मागे घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "देव रुसलाय. आपलंच काहीतरी चुकतंय."

चार महिने आमची नाव घाटाला बांधून पडली होती. आम्ही दर रविवारी यायचो, घाटावर बसायचो, तांदूळ सोडायचो आणि घरी जायचो. असला खेळ जगात कोणी खेळला नसेल. मी सोडून जाणार होते, पण टेबलाशी तो एकटा बसलेला डोळ्यांपुढे यायचा आणि पुन्हा जिना चढायचे.

रुसलेल्या देवाचं काय करायचं हे वाल्मीकने वहीतून काढलं नाही, घरातून काढलं. आमच्याकडे घरातला माणूस अवेळी गेला की त्याचा वीर करतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकून त्याची मूर्ती काढायची, तो टाक. टाक देवघरात बसला की गेलेला माणूस घरात आला, त्याला जागा मिळाली, तो कोणाच्या वाटेला जात नाही. धुळवडीला नाशकातली घरोघरची माणसं आपापले वीर लाल कापडात घेऊन वाजतगाजत नाचत रामकुंडावर नेतात आणि आंघोळ घालून परत आणतात. वाल्मीकच्या घरचे तीन टाक आहेत. यंदा त्याने चौथा करून घेतला. सोनाराने सवयीने हातात भाला काढला होता. वाल्मीकने तीन चकरा मारून त्याचं वल्हं करून घेतलं.

इथवरही ठीक होतं. पण धुळवडीला सकाळी, मिरवणुकीत, शेजारच्या लंकाबाईंनी चार टाक मोजले आणि विचारलं, "हा नवा कोणाचा रे?"

वाल्मीक म्हणाला, "शेखरचा."

त्याच दुपारी, सुट्टी म्हणून, आम्ही रंग धुऊन चारला खेळायला जमलो. टाक टेबलावर मधोमध, खोबऱ्याच्या वाटीत. वाल्मीक खुशीत होता, म्हणत होता, आज नाव सुटेल. तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या आणि नवसाबाई आत आल्या. शेखरची आई. भाजीबाजारात बसतात, माझ्या दुकानातून बीपीच्या गोळ्या नेतात. पायात चप्पल नव्हती.

"वाल्या, माझ्या जित्त्या लेकाचा टाक केला तू?"

वाल्मीक उभा राहिला.

"लंकाबाई माझ्या गळ्यात पडून रडती! म्हनती, नवसे, कधी झालं गं, कळवलंबी नाय. मी त्याला फोन लावला. उचलंना. पुन्हा लावला. उचलंना. दोन तास, वाल्या! दोन तास मी उंबऱ्यात बसून व्हते. शेवटी सूनबाईला लावला, तर ती म्हनती, झोपलेत."

"मावशी, शेखरचा नाही तो. जैत्याचा आहे."

"कोन जैत्या?"

"खेळातला. शेखरच व्हायचा जैत्या. तो मेला."

"मंग मेला त्याचं नाव सांगायचं! माझ्या लेकाचं कशापायी सांगितलं?"

मला वाटलं, आता तो लंकाबाईंच्या कानावर ढकलेल, मिरवणुकीच्या गोंगाटावर ढकलेल. मी असते तर तेच केलं असतं. तो म्हणाला, "मला तसंच वाटत होतं, मावशी. म्हणून तेच तोंडात आलं."

नवसाबाईंनी पदराने तोंडावरचा घाम पुसला.

"मेलेल्या माणसाचं आपल्याला सगळं करता येतं," वाल्मीक म्हणाला. "दहावा आहे, तेरावा आहे, टाक आहे, नैवेद्य आहे. जो नुसता येत नाही त्याचं काय करायचं? त्याच्यासाठी काहीच रीत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही." अकरा वर्षांत स्वतःविषयी तो सलग एवढं पहिल्यांदाच बोलत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

नवसाबाईंनी टाक उचलला. मला वाटलं, आता भिरकावतात. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, अंगठ्याने चेहरा पुसला. बराच वेळ बघितला.

"तुला येतो का रं त्याचा फोन?" त्यांनी पाठमोऱ्या विचारलं.

"नाही, मावशी. मी मेसेज टाकतो. दिवाळीपासून उत्तर नाही."

"मला वाटायचं, माझा उचलत नाय, पन वाल्याशी बोलत असंल. तुमचं पहिल्यापासून लय."

"मला वाटायचं, तुम्हाला तरी करत असेल."

ओम फासे गोळा करायला लागला. कशाला, ते त्यालाही माहीत नसावं. शेखर वाईट नाही, हे मी दहा वेळा स्वतःला सांगितलंय. त्याचं कोणाशी भांडण नाही, कोणाचा राग नाही. तो फक्त तिकडे राहतो. पण त्या वेळी तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली दिली असती.

जिवंत माणसाचा टाक घरात ठेवत नाहीत, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. यावर दोघांचं दुमत नव्हतं. ओमला खोलीवर ठेवून आम्ही तिघं रिक्षाने रामकुंडावर गेलो. अजून वीर येत होते, हलगी वाजत होती, पायऱ्यांवर रंग आणि गुलाल यांचा चिखल झाला होता. लोक आपापल्या वीरांना आंघोळ घालून जपून कापडात गुंडाळत होते.

"तूच बसवला, तूच उठव," नवसाबाई म्हणाल्या.

वाल्मीक गुडघाभर पाण्यात उतरला. टाक त्याने लगेच सोडला नाही. काहीतरी पुटपुटला, जैत्याची एखादी शिवी असावी असं मला वाटलं. मग हात पाण्याखाली नेला आणि रिकामा वर काढला.

"सुटला माझा लेक," नवसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली. मग पायरीवर बसल्या. "आता लाव त्याला फोन. माझ्यासमोर लाव."

वाल्मीकने ओल्या हातांनी लावला. रिंग पूर्ण वाजली आणि थांबली. पुन्हा लावणार तेवढ्यात मेसेज आला. आम्ही दोघांनी तो एकदमच वाचला: "पाहुणे आलेत रे. नंतर करतो. काही विशेष?"

नवसाबाईंना वाचता येत नाही. "काय म्हनतो?" त्यांनी विचारलं.

"विचारतोय, काही विशेष आहे का."

माझी बोटं शिवशिवत होती. मनात म्हटलं, लिही की, आत्ताच तुला नदीत सोडलं. पण तो मेसेज माझ्यासाठी नव्हता. नवसाबाई पदर खोचून उठल्या.

"लिही," त्या म्हणाल्या, "काय नाय म्हनावं. सहज लावला व्हता."

वाल्मीकने शर्टाला हात पुसले आणि लिहिलं, "काही नाही. सहज."