ढगाळ दिवसाची वाट

८ जानेवारी २०१९ रोजी छू ग्वेलिंगच्या मुलाने छिंगदाओहून दोन हजार तीनशे साठ युआनचे एक यंत्र पाठवले. हरितगृहात उष्णता वाढली की माथ्याची फट उघडायची आणि कमी झाली की मिटायची, एवढेच त्याचे काम. मी गावच्या भाजीपाला संस्थेत हिशेब पाहतो. पेटी संस्थेच्या पत्त्यावर आली, म्हणून मीच ती ग्वेलिंग वहिनींकडे पोचवली. त्यांचे यजमान माझे मित्र होते.

तोवर हे काम वहिनी हाताने करत. आमच्याकडे त्याला वारा सोडणे म्हणतात. उत्तरेला मातीची जाड भिंत, दक्षिणेकडे उतरते प्लास्टिक, आणि रात्री त्यावर पसरायच्या गोधड्या. सकाळी ऊन शिरले की आतली गरम हवा वर चढते. दोरी ओढून माथ्यावर तिला वाट करून द्यावी लागते. उशीर झाला तर काकडी उकडते; एकदम उघडले तर गारठा लागून पाने मान टाकतात. म्हणून आधी बोटभर, मग दोन बोटे, मग वीतभर. यजमानांच्या अंत्यविधीच्या सकाळीही वहिनी आधी वारा सोडून आल्या होत्या. गावात कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

आई गेल्यावर वहिनींना थोरल्या बहिणीने वाढवले. ती लग्न होऊन ईशान्येला, च्यामुस्सला गेली. हिवाळ्यात तिकडे जायचे म्हणजे हरितगृहाची शेड सोडायची, म्हणून वहिनी कधी गेल्याच नाहीत. बहीण फोनवर विचारायची, "तुझं लग्न माणसाशी झालं की काकडीशी?" आता तिचे यकृत निकामी झाले होते आणि ती रोज एकच विचारत होती, ग्वेलिंग कधी येते.

यंत्र आले, तरी वहिनी निघेनात. शेजारचा सुई त्यांना चिडवायचा, "वहिनी, मशीनची सासू होऊन किती दिवस बसणार?" त्या म्हणाल्या, ढगाळ दिवस येऊ दे. ढगाळ हवेत वारा फारसा सोडावा लागत नाही. आमच्या गावात उन्हासाठी सगळे नवस बोलतात. त्या जानेवारीत एकटी बाई ढगांची वाट पाहत होती.

आठवडाभराने आभाळ भरून आले. तीन दिवस सूर्य दिसला नाही, आणि पुढचे चार दिवसही असेच जातील असे बातम्यांत सांगितले. वहिनींनी तिकीट काढले. बहिणीसाठी ज्वारीच्या पातळ पोळ्या आणि कांद्याची पात बांधून घेतली. यंत्र लावले होतेच. सकाळी गोधड्या गुंडाळायच्या आणि संध्याकाळी सोडायच्या, एवढे त्यांनी माझ्यावर सोपवले. माझी स्वतःची शेड नाही.

वहिनी रात्रीच्या गाडीने गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधड्या गुंडाळून घरी आलो, चहा घेतला, आणि अंगणात माझी सावली पडलेली पाहिली.

तेवढ्यात फोन आला. वहिनींची गाडी वाटेतल्या शानहायग्वानच्या जवळ होती.

"भावजी, आभाळ कसं आहे?"

मी म्हणालो, निरभ्र आहे.

 कित्येक दिवसांच्या अंधारानंतर लख्ख ऊन पडले की मुळे सुस्त असतात आणि पाने पाणी मागतात, हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही माहीत. अशा दिवशी गोधड्या पुन्हा अर्ध्या सोडून सावली करावी लागते. यंत्राला फक्त उष्णता कळते. ते फट सताड उघडणार. आणि अशा दिवशी प्रत्येक जण आपापल्या शेडमध्ये अडकलेला असतो. सुईला हाक मारून उपयोग नव्हता.

"मशीन बंद करा. गोधड्या अर्ध्या सोडा. पानांवर पाणी शिंपडा."

"करतो. तुम्ही पुढे जा."

"पानं बघून तुम्हाला कळत नाही, भावजी."

फोन बंद झाला. मी धावत गेलो. पानांच्या कडा लोंबू लागल्या होत्या. सांगितल्याप्रमाणे सगळे केले. सावली पडल्यावर तासाभरात पाने हळूहळू वर आली. मी फोनवर फोन केले. त्यांनी उचलला नाही.

दिवेलागणीला वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. पोळ्यांचे गाठोडे तसेच काखेत. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वेल पाहिला. पूर्वेकडच्या कोपऱ्यातली दोनचार रोपे सोडली तर सगळे ठीक होते.

"चांगलं सांभाळलंत," त्या म्हणाल्या.

 त्यांनी तिथेच वाफ्याच्या कडेला बसून भाचीला, बहिणीच्या मुलीला, फोन लावला आणि उद्याच्या गाडीने निघते म्हणून सांगितले. भाची काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. वहिनी मात्र नुसत्या हं, हं करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही ऊन होते. दुपारी, वहिनी हातात दोरी धरून उभ्या असताना, बहीण गेल्याचे कळले. आता येऊन काय उपयोग, असे भाचीने कळवले, आणि वहिनी गेल्या नाहीत. नववर्षाच्या सणाआधी काकडी तोडली, ती उत्तम निघाली.

प्रेताशेजारी मावशीच्या, म्हणजे वहिनींच्या, नावाचे कागदी फुलचक्र हवे, म्हणून भाचीनेच ते ऐंशी युआनला विकत घेतले होते. वहिनींनी मोबाईलवरून पैसे पाठवले. भाचीने ते स्वीकारले नाहीत, म्हणून दिवसाभराने परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. ते ऐंशी युआन अजून द्यायचे आहेत.