नातीने निवडायचं, आजीला सांगायचं

शनिवार सकाळ, मुरबाड ते टोकावडे जीप. हजर: मी, माझी सहा वर्षांची मुलगी, समोर एक अनोळखी आजी आणि त्यांच्या मांडीवर नात. नात मोबाइलवर हवं ते लावत होती. आजींची अट एकच, बघून झालं की गोष्ट सांगायची.

"हत्ती का पडला गो?" आजींनी विचारलं.

नातीला सांगता येईना. आजींनी हात पुढे केला, मोबाइल पिशवीत गेला. रडारड नाही.

मी म्हटलं, "हिने घरी काय बघायचं याची मी यादीच लावलीय. तरी ही चोरून भलतंच बघते."

"यादी तुमी केली ना बाय? मंग तुमीच बघा!"

माझी मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसली.

यादी त्याच दिवशी काढून टाकली. ती चोरून काय बघते, हे तिच्याशेजारी बसून बघायचं मात्र अजून राहिलंय.