कोरड्या वावरातला चिमटा

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगितलं की काहींना फुशारकी वाटते, वाटू दे. एसटीनं रोज मलकापूरला जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. त्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग झाला तो भावाचा प्रस्ताव लिहिताना, आणि त्यातला घोटाळाही माझ्याच हातून झाला.

मोठा भाऊ वेल्डर. मोताळ्याकडच्या आमच्या गावात पत्र्याच्या आडोशाला बसून दारं-खिडक्या जोडायचा. कापूस वेचून झाला की वावरात वाळलेली पऱ्हाटी उभी राहते. ती उपटणं बायांचं काम. त्या दिवसांत आईचे तळहात सोललेले असायचे. भाकरी थापताना ती ओठ चावायची. पऱ्हाटी उपटायचे लोखंडी चिमटे मिळतात, पण ते जड, गड्याच्या उंचीचे. भावानं हलका, आईच्या उंचीचा केला. खाली दात्यांचा जबडा, मागे लहान पोरांच्या सायकलचं चाक, वर लांब दांडा. जबड्यात झाडाचं बूड धरायचं, दांडा दाबायचा. झाड मुळासकट वर.

खेड्यातल्या नव्या अवजारांना बुलढाण्याच्या उद्योग कार्यालयातून मदत मिळते, हे मला कॉलेजात कळलं होतं. मशिनरीला अनुदान, शिवाय अवजाराची गावोगाव चाचणी. मी अर्ज भरायला बसले. ‘नावीन्य’ असा एक रकाना होता.

“यात काय लिहू?” मी विचारलं.

“लिही, मायचे हात,” भाऊ म्हणाला.

मी ‘श्रमबचत’ लिहिलं. शिकलेल्या माणसाला असंच सुचतं.

इकडे पुण्याच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं होतं. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं, आणि उद्योग कार्यालयाचे साहेब चिमटा पाहायला येणार होते शुक्रवारी. चिमटा पसंत पडला तर भाऊ गावात राहणार, नाही तर पुण्याला जाणार.

आमच्याकडे पाहुणा यायचा म्हटलं की अंगणात सडा पडतो. मला वाटलं, साहेबांसमोर झाड अडकलं तर नाक कापलं जाईल. गुरुवारी आई दुसऱ्याच्या वावरात कामाला गेली होती. मी मोटर चालू केली आणि आमच्या पऱ्हाटीच्या चार ओळींत पाणी सोडलं. भावानं पाहिलं. तोही म्हणाला, “सोड थोडं, बरं राह्यते.”

शुक्रवारी अर्धं गाव बांधावर. भावानं दांडा दाबला की झाड वर, दाबला की वर. दहा झाडं झाली. मी मान ताठ करून उभी. साहेब वाकले, एक झाड धरलं आणि नुसत्या हातानं उपटलं. दुसरं तर दोन बोटांनी.

“मग या चिमट्याची गरज काय?” त्यांनी शांतपणे विचारलं.

बांधावरून शेजारचे काका ओरडले, “साहेब, मंग दोन बोटाइचाच प्रस्ताव पाठवा!”

सगळे हसले. भाऊ खाली चिखलाकडे पाहत राहिला. आईनं पायानं माती चाचपली.

“वावराले सडा कोनं टाकला?”

“मी,” मी म्हटलं.

“बी.कॉम. झाली माय माही! पऱ्हाटी उपटाले मीच तुले कधी नेलं नाही, चूक माहीच हाये.” मग साहेबांकडे वळून म्हणाली, “साहेब, हे काही खरं नाही. काकाच्या वावरात चला. तिथं पाणी नाही. बूटबी साफ राह्यतीन.”

त्या वावराला भेगा पडल्या होत्या. साहेबांनी दोन्ही हातांनी झाड ओढलं. साल सोलून हातात आली, झाड तसंच. भाऊ पुढे झाला तशी आई म्हणाली, “तू सरक. मी दाबतो.”

पहिल्यांदा जबडा घसरला. कुणी हसलं नाही. आईनं पायानं ढेकूळ बाजूला केलं, जबडा पार जमिनीला टेकवला आणि सगळं अंग दांड्यावर टाकलं. कट्‌ आवाज झाला आणि हातभर मूळ बाहेर आलं. मग साहेबांनी स्वतः चार झाडं काढली. काकांनीही काढली, न विचारता.

“मावशी, याच्यात काय खटकतं तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

“दांडा चार बोटं लांब पाह्यजे. अन् चाक ढेकळात फसते.”

“मले काऊन नाही सांगतलं?” भाऊ म्हणाला.

“तू इचारलं कधी?”

साहेबांनी हेच वहीत टिपून घेतलं. निघताना म्हणाले, “मंजुरी समिती देते, ती माझ्या हातात नाही. पण कोरड्या जमिनीत पाहिलं, असं मी लिहितो. चाक बदलून पाच नग तयार ठेवा. चाचणीसाठी पंचायत समितीशी मी बोलतो.”

मंजुरीचं पत्र यायला पुढे बरेच महिने लागले, आलं मात्र. भाऊ काही तेवढा थांबला नाही. सोमवारचीही वाट न पाहता त्यानं काकांच्या बांधावरूनच पुण्याला फोन लावला.

“नाही जमत हो, शेठ. काम निघालं इकडे.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. “काऊन म्हंजे? माय म्हनते, चाक बदल.”